चौदा बैठकांची हजेरी

सकाळी आठच्या सुमाराला त्या घरात दोन कामं एकदमच चालायची. शेगडीवर कांदा परतला जायचा आणि त्याच ओट्यावर, कांद्याच्या सालींपासून वीतभर अंतरावर, अख्ख्या गावाचा कारभार उरकला जायचा.

यजमान जाडजूड फाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. "आटप गं, शिपाई खाली ताटकळलाय," म्हणत. वहिनी शेगडी बारीक करीत, हात फडक्याला पुसत आणि पेन उचलीत. कुठे सही करायची हे शोधायचीही त्यांना तसदी नव्हती. यजमानांनी प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीकशी फुली मारून ठेवलेली असे. फुली दिसली की सही, पान उलटलं की पुढची फुली. कांदा करपायच्या आत फाइल संपे.

आता सांगायचं ते असं, की वहिनी त्या गावाच्या अध्यक्षा होत्या. निवडून आलेल्या, शपथ घेतलेल्या. यजमान त्याआधी दोनदा अध्यक्ष झाले होते. तिसऱ्या वेळी ती जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा त्यांनी एक दिवस तोंड पाडलं आणि दुसऱ्या दिवशी बायकोचा अर्ज भरला. निवडणुकीनंतर कार्यालयातल्या दारावर वहिनींच्या नावाची पाटी लागली आणि आतल्या खुर्चीवर यजमानांचा कोट पूर्वीसारखाच लटकत राहिला. लोक त्यांना 'अध्यक्षसाहेब' म्हणत आणि अध्यक्षांना 'वहिनी'. यात कुणाला काही खटकत नव्हतं. खरं सांगायचं तर वहिनींनाही खटकत नव्हतं. घरातलं माणूस कागद वाचतंय, मग आपण कशाला डोळे फोडायचे?

वहिनींचा मूळ धंदा शिवणाचा. लग्नाआधीपासून त्या कपडे शिवत. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर त्यांनी आयुष्यात कधी कात्री चालवली नव्हती. गिऱ्हाईक म्हणे, अहो, मागच्या शिंप्यानं लिहून दिलंय की माप. त्यावर वहिनी म्हणत, "त्याचं त्याच्यापाशी. हात वर करा." अशी ही बाई, आणि तीन वर्षं गावाच्या कागदांवर न वाचता सह्या करीत होती!

पण एक काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी त्या यजमानांना म्हणाल्या होत्या, "मला तुमचं राजकारण कळत नाही. एवढंच करा, आपल्या गावात बाळंतपणाची खोली झाली पाहिजे."

यजमानांना त्याचं कारण वेगळं सांगायला नको होतं. नऊ वर्षांपूर्वी वहिनींची धाकटी बहीण बाळंतपणाला त्यांच्याकडे आली होती. गावात दवाखाना होता, पण बाळंतपणाची सोय नदीपलीकडच्या गावात. ऐन वेळी पुलाचं काम चालू निघालं. वळसा घालून जाताना, यजमानांच्याच गाडीच्या मागच्या सीटवर, वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. पोटातलं बाळही गेलं. यजमानांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ते लहान मुलासारखे रडले. त्या रडण्यावर वहिनींनी पुढची नऊ वर्षं विश्वास ठेवला.

निवडून आल्यावर सहा महिन्यांत खोली झाली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तीन खाटा, एक पाळणा, पाणी तापवायची सोय आणि चोवीस तास एक सिस्टर. खाटांच्या चादरी वहिनींनी स्वतः शिवल्या. प्रत्येक बाळासाठी एक झबलं त्या घरून शिवून पाठवीत. आतापर्यंत एकशे बारा झाली होती. हा आकडा त्यांना पाठ होता, कारण गावच्या कारभारातली एवढी एकच गोष्ट त्यांना आपली वाटे.

आणि ती सिस्टर एका मंगळवारी दुपारी मागच्या दारानं आली. चप्पलही न काढता ओट्यापाशी उभी राहिली.

"वहिनी, कुलूप तुम्ही देताय की मी विकत आणू?"

"कसलं कुलूप?"

"आता असं नका बोलू माझ्याशी. दोन वर्षं तुमच्याबरोबर राबलेय मी. बंद करायचं होतं तर मला बोलावून सांगायचं. पत्रानं काय कळवता?"

वहिनींना काहीच उमजेना. सिस्टरनं पिशवीतून कागदांचा जुडगा काढून त्यांच्या हातात कोंबला. वर प्रादेशिक कार्यालयाचा शिक्का होता. तीन गावांचं मिळून एक संयुक्त आरोग्य मंडळ होतं. त्यावर तिन्ही गावांचे अध्यक्ष आणि प्रादेशिक अधिकारी. एकमेकांच्या सहकार्यानं कारभार करावा, एकाचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामी यावा, या हेतूनं ते स्थापन झालं होतं. हेतू चांगलाच होता. पत्रात लिहिलं होतं की, मंडळाच्या चौदाव्या बैठकीतल्या ठरावानुसार बाळंतपणाची सोय यापुढे नदीपलीकडच्या गावात एकत्रित राहील. येत्या गुरुवारी करारावर सह्या होतील आणि एक तारखेपासून इथली खोली बंद होईल.

"हे कुणी केलं?" वहिनींचा आवाज चढला. "मी बघते एकेकाला."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा राग एकदम ओसरला आणि त्या जागी काहीतरी वेगळंच आलं. तिनं पुढचं पान उलटून बोट ठेवलं. "सूचक कोण आहे ते वाचा."

सूचक वहिनी होत्या. खाली त्यांची सही होती. हुबेहूब त्यांचीच, शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवलेली. सहीच्या बाजूला एक करडा डाग उमटला होता. फोटोकॉपीत तेलाचा डाग असाच येतो. वहिनींना तो दिवस आठवला. कढई तापली होती, यजमान घाई करीत होते, बोटाचं तेल कागदाला लागलं म्हणून त्या चुकचुकल्या होत्या आणि यजमान म्हणाले होते, "असू दे, असू दे, काही बिघडत नाही."

वहिनी खुर्चीवर बसल्या. शेगडी सिस्टरनंच बंद केली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं?" सिस्टरनं हळू विचारलं.

"मी वाचलंच नाही." हे सांगताना वहिनींना जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग दोघींनी मिळून तो जुडगा पहिल्या ओळीपासून वाचला. वहिनींना काही शब्द अडत होते. अडला शब्द की त्या थांबत, विचारीत, पुढे जात. चौदा बैठकांच्या हजेरीची यादी होती. चौदाही वेळा वहिनी 'स्वतः हजर' होत्या. शेवटच्या पानावर मात्र अडण्यासारखं काही नव्हतं. खोली सोडून देणाऱ्या गावाला मंडळाचं उपाध्यक्षपद मिळणार होतं आणि त्या पदावर 'अध्यक्षांचे यजमान' यांची नेमणूक व्हावी, असंही सुचवलं होतं. तीही सूचना वहिनींचीच होती.

त्यांनी नदीपलीकडच्या गावाच्या अध्यक्षांना फोन लावला. तिथेही बाईच निवडून आली होती. बाईचं दुःख बाईला कळेल, एवढी आशा. फोन एका पुरुषानं उचलला.

"अध्यक्ष बोलतोय."

"अध्यक्षा आहेत का?"

"मी तिचा भाऊ. तिला काय विचारताय, ती धुणं वाळत घालतेय. काम काय ते मला सांगा."

वहिनींनी फोन ठेवून दिला.

यजमान सहाला घरी आले. वहिनींनी चहा दिला आणि समोर तो जुडगा ठेवला. यजमानांनी एकदा कागदांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि शांतपणे कप उचलला.

"हां, तुला सांगणारच होतो. ऐक, यात आपला फायदा आहे. तीन ठिकाणी तीन अर्धवट खोल्या चालवायच्या, त्यापेक्षा एका जागी मोठा डॉक्टर, मशिनं, सगळं. प्रादेशिक कार्यालयाचंच म्हणणं आहे. उद्या काही अडलं तर आपली सिस्टर काय करणार? पूलही आता पक्का झालाय."

बोलणं इतकं सरळ होतं की क्षणभर वहिनींना ते पटलं. कदाचित बरोबरही असेल. कदाचित आपल्यालाच कळत नसेल.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू रडत बसली असतीस."

"रडले असते. मग डोळे पुसून विचारलं असतं, की गाडी नाही अशा बाईनं तिथवर जायचं कसं? याचं काही लिहिलंय का यात? मी सगळं वाचलंय आज. गाडीचं कुठेच काही नाही. तुमच्या उपाध्यक्षपदाचं मात्र आहे."

यजमानांचा कप बशीत खट्‌दिशी टेकला. "मग त्यात वाईट काय? पद आपल्याच घरात येतंय ना? तुझी मुदत संपली की मी कुठे जायचं, याचा विचार केलास कधी? मी उभं केलं म्हणून तू निवडून आलीस. दारोदार मी फिरलो."

"दारोदार फिरून तुम्ही सांगत काय होता? माझ्या मेव्हणीचं झालं ते दुसऱ्या कुणाचं होणार नाही, हेच ना? तिचं मरण सांगून मतं मागितलीत तुम्ही."

यजमानांनी बशीत सांडलेला चहा बोटानं पुसला.

"गाडी कोण चालवत होतं त्या दिवशी?" वहिनींनी विचारलं. "बाकी कुणी फसवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. त्यांना काय माहीत! पण तुम्ही तिथे होतात. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तुम्ही त्या कागदावर फुली मारलीत."

यजमान उठले. दाराशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "गेलेल्या माणसाला धरून किती दिवस बसणार आहेस तू?"

केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते वहिनींना त्या वाक्यानं समजलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. रागापेक्षा त्यांना एकच गोष्ट खात होती. तो मरणाचा कागद आपल्याच हातानं, आपल्याच स्वयंपाकघरात, शेगडी बारीक करून, आपणच पूर्ण केला.

गुरुवारी सकाळी यजमानांनी करार आणला. पानोपानी फुल्या. वहिनींनी हात पुसले नाहीत आणि पेनही उचललं नाही.

"बरं," यजमान म्हणाले, "डोकं शांत झालं की संध्याकाळी कर. बैठक काय तुझ्यावाचून अडायची नाही." आणि खरंच, चौदा बैठका कधी अडल्या नव्हत्या.

ते गाडी घेऊन गेल्यावर वहिनींनी चांगले कपडे घातले आणि बस पकडली. त्या गाडीत बसायचं नाही, हे त्यांनी मंगळवारीच ठरवलं होतं.

प्रादेशिक कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर सभागृहाच्या दारात एक गणवेशातला माणूस होता. "आत बैठक चालू आहे," तो म्हणाला. "घरच्या मंडळींनी बाकावर बसायचं, साहेब येतील इतक्यात बाहेर."

"आत माझ्या नावाची पाटी आहे," वहिनी म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

लांबट टेबल. पाण्याच्या बाटल्या. नावांच्या पाट्या. वहिनींच्या नावामागे यजमान बसले होते. नदीपलीकडच्या अध्यक्षांच्या नावामागे एक जाडगेला माणूस, बहुधा फोनवरचा भाऊ. तिसऱ्या, टेकडीवरच्या गावचे अध्यक्ष तेवढे स्वतःच्या पाटीमागे स्वतः होते. आणि मधोमध, चष्मा लावलेल्या, केस नीट बांधलेल्या प्रादेशिक अधिकारी बाई. बाईंना पाहून वहिनींच्या जिवात जीव आला.

"अगं बाई, वहिनी!" अधिकारी बाई हसल्या. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? अहो, एक खुर्ची आणा इकडे." खुर्ची आली आणि भिंतीला लागली.

यजमान अर्धवट उठले. "काय झालं? घरी कुणाला बरं नाही का?"

"सगळे बरे आहेत. मी बैठकीला आलेय." वहिनी भिंतीकडच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. यजमानांच्या पाठीशी, आपल्या पाटीजवळ उभ्या राहिल्या. "बाई, बाळंतपणाची खोली बंद करायचा ठराव मी मांडलाय असं यात लिहिलंय. मी तो मांडला नाही. सही माझी आहे, पण मी वाचलं नव्हतं. आता वाचलंय. मी करारावर सही करणार नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. जाडगेला भाऊ म्हणाला, "हे नवरा-बायकोचं भांडण दिसतंय. ते घरी मिटवा की." एकदोघं हसले.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखं म्हणाल्या, "हे बघा, वहिनी, सह्या झालेल्या आहेत. कायद्यानं तुम्ही हजर होतात. आता मागे जाता येत नाही."

"मी हजर होते?"

"तशी नोंद आहे."

"नोंद असू दे. चौदा बैठका तुम्हीच चालवल्यात. त्या चौदा दिवसांत तुम्ही मला इथे एकदा तरी पाहिलंत?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वहिनी वाट बघत राहिल्या. शेवटी बाई पुढे वाकून, फक्त वहिनींनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सगळीकडे असंच चालतं हो. मी काय काय थांबवणार? आणि हे बाहेर आलं तर पहिल्यांदा तुमच्यावरच येईल, हे लक्षात ठेवा."

वहिनींना मंगळवारपेक्षाही जास्त लागलं ते हे. यजमानांचा स्वार्थ तरी होता. या बाईंना तर काहीच मिळणार नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, महिन्यामागून महिने, आणि 'स्वतः हजर' असं लिहून घेत होत्या. तिन्ही गावांत आणि वरच्या कार्यालयात कशावर एकमत असेल तर ते यावर, की पाटीमागे कोण बसलंय हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

टेबलावर हजेरीचं रजिस्टर होतं. एरवी ते यजमानांच्या बॅगेतून ओट्यावर यायचं. वहिनींनी ते ओढून घेतलं. एकाखाली एक चौदा सह्या. त्यांनी पंधराव्या ओळीत सही केली आणि खाली, शिवणाच्या वहीत मापं लिहीत तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'वरच्या चौदा सह्या माझ्या आहेत. त्या चौदाही दिवशी मी घरी होते. आज पहिल्यांदा आले.'

यजमानांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, काय केलंस हे? पद जाईल तुझं!"

"माझं कधी होतं?" वहिनी म्हणाल्या.

त्या पाटीजवळ तशाच उभ्या राहिल्या. यजमान खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटी टेकडीवरच्या गावचे अध्यक्ष खाकरून म्हणाले, की अशा परिस्थितीत मला सही करता येणार नाही, उद्या माझ्या गळ्यात यायचं. करार त्या दिवसापुरता बाजूला ठेवला गेला.

शेवट गोड झाला असं लिहायला कुणाला आवडणार नाही? पण झालं ते असं. खोली बंद करायचा ठराव स्थगित झाला, आणि महिन्याभरात चौकशी सुरू झाली. चौकशी कुणाची? तीन वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या यजमानांची नाही. बसू देणाऱ्या अधिकारी बाईंची नाही. खोट्या हजेरीवर सही केली म्हणून चौकशी वहिनींची. यजमानांनी जबाब दिला, की बायको सांगेल तसं मी करीत आलो. ज्यांनी ही गोष्ट वाचली त्यांनी आपापल्या गावच्या सभागृहात एकदा डोकावून पाहावं, पाटीवर कुणाचं नाव आहे आणि मागे कोण बसलंय. दिसलं तर विचारावं. आपण आजवर विचारलेलं नाही, एवढं तरी कबूल करावं.

वहिनींनी शिवणाचं मशीन दवाखान्याच्या व्हरांड्यात आणून टाकलं होतं. घरी आता कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्या एकशे अठराव्या झबल्याला बंद लावीत होत्या आणि आत सिस्टर कुणाला तरी धीर देत होती, तेवढ्यात शिपाई आला. हा तोच, रोज सकाळी खाली ताटकळणारा. त्याच्या हातात चौकशीची नोटीस होती.

"वहिनी, मिळाल्याची सही हवी. शेवटच्या पानावर फुली मारलीय कार्यालयानं. एवढी केली की झालं. मला पुढं जायचंय."

वहिनींनी सुई रिळात खोचली, चष्मा लावला आणि नोटीस पहिल्या पानापासून उघडली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाच पानं आहेत."

शिपायानं घड्याळ पाहिलं, फुलीकडे पाहिलं, आणि बाकावर बसला. वहिनी ओळीवर बोट ठेवून वाचीत होत्या. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "झालं का, वहिनी?"

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.